विक्रमनं मोडलेलं स्थळ

कर्वेनगर गावठाणातल्या जयसिंगअण्णांच्या विक्रमला सकाळी सहा वाजता पहिला राग यायचा तो पाण्याच्या मोटारीचा. चार मजली इमारत, वर पंधरा भाडेकरू, आणि टाकीत पाणी चढवायला मालकाचा बी.कॉम. झालेला एकुलता एक मुलगा. मोटार बंद केली की दुसरा राग पोह्यांचा, तिसरा पेपरातल्या नोकऱ्यांच्या पानाचा. नऊ वाजेपर्यंत त्याचे सगळे राग येऊन जायचे आणि मग उरलेला दिवस कसा काढायचा हा प्रश्न पडायचा. तो दिवस तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी, पल्सरच्या सीटवर आडवा बसून काढायचा. पल्सर कुठं जायची नाही. उभ्या उभ्या तिची टायरं झिजली, असं मथुराबाई म्हणायच्या, आणि मथुराबाई त्याची सख्खी आई, तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असणारच.

या घराची जमीन नदीच्या अंगाला होती. वांगी, गवार, मेथी पहाटे मंडईत जायची. मग बिल्डर आले. अण्णांनी जमीन दिली, इमारत बांधली, जीप घेतली आणि पोराला सांगितलं, तू शीक. पोरगं शिकलं. शिकून झाल्यावर बापाच्या लक्षात आलं की शेतच नाही तर पोराला काम काय सांगायचं हे आपल्याला ठाऊक नाही. पोराच्याही ते लक्षात आलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त मोटारीबद्दल बोलायचे.

साल दोन हजार आठ. बी.कॉम. होऊन तीन वर्षं झालेली. सगळं पुणं सकाळी उठून हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. ज्याच्या त्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. विक्रम टपरीवर म्हणायचा, "आमच्या गोठ्यात असले पट्टे ढिगानं होते, कुनी मिरवलं न्हाई." लोक हसायचे. हसून झाल्यावर ते आपापल्या कामाला जायचे, आणि हा तिथंच उरायचा, म्हणून त्याला पुन्हा राग.

इमारतीचा तिसरा मजला नोकरीवाल्या मुलींना दिलेला होता. जिन्यात पाटी होती: 'वरच्या मजल्यावर पुरुष पाहुण्यांस सक्त मनाई. वडिलांस अपवाद. भावाने खालूनच हाक मारावी.' मजकूर विक्रमचाच. कॉलेज सुटल्यानंतर त्यानं केलेलं ते एकमेव लेखी काम.

उत्कर्षा यवतमाळची. हिंजवडीतल्या एका लहानशा कंपनीत संगणकाचं काम करायची. राहायला आली त्या दिवशी तिनं पाटी पूर्ण वाचली आणि मथुराबाईंना विचारलं, "काकू, आजोबा आले तर त्यांनी कुठून बोलायचं?"

विक्रम जिन्याखालीच होता. त्याला राग आला. पण हा राग नऊच्या आत गेला नाही. दुपारी जेवताना होता, संध्याकाळी टपरीवरही होता. टपरीवरच्या जाणत्या मंडळींनी तेव्हाच एकमेकांकडं बघितलं.

पुढं प्रकरण असं झालं की मोटार साडेपाचला चालू व्हायला लागली, कारण उत्कर्षाला पावणेसातची कंपनीची बस असायची. पंधरा भाडेकरूंना वाटलं, मालक सुधारले. एके सकाळी ती बस चुकण्याच्या बेतात होती तेव्हा विक्रमनं पल्सर काढली आणि तिला कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापर्यंत सोडलं. दोघांच्या मध्ये लॅपटॉपची बॅग. सबंध वाटेत विक्रम एकच वाक्य बोलला, "स्पीडब्रेकर आहे." तीन वेळा बोलला. उतरताना ती म्हणाली, "तिसरा तर नव्हताच."

त्या एका वाक्यावर विक्रमनं अख्खा पावसाळा काढला.

एकदा तिनं विचारलं, "तुम्ही काय करता, विक्रमभाऊ?"

"बघतोय."

"काय बघून राहिले?"

तिनं त्याचा बायोडेटा मागून घेतला, स्वतःच्या कंपनीत दिला, हिशेब विभागासाठी मुलाखतीचं बोलावणंही आणलं. विक्रम नवा शर्ट घालून हिंजवडीच्या फाटकापर्यंत गेला. फाटकाशी दोनशे पोरं रांगेत उभी होती आणि सगळी आपसांत इंग्रजी बोलत होती. हा तिथूनच वळला. घरी येऊन म्हणाला, गाडी पंक्चर झाली.

"मी माझं नाव लावलं होतं त्याच्यात," उत्कर्षा एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. तिला राग आलाय हे त्याला कळलं. आपल्याला स्वतःचाच राग आलाय हेही कळलं असतं, पण तोवर तो टपरीवर पोचून हिंजवडीला शिव्या घालायला लागला होता.

दिवाळीच्या तोंडावर दोन बातम्या आल्या. पहिली उत्कर्षानंच सांगितली. तिला मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. जुनी तिनं सोडली होती आणि नव्या ठिकाणी दिवाळीनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. मधले दोन आठवडे ती घरीच होती. त्या वर्षी अमेरिकेत बँका बुडत होत्या आणि इकडं कंपन्या माणसं कमी करत होत्या. अशात हातातली नोकरी सोडून नवीची वाट बघणं म्हणजे दोरीवर उभं राहणं, हे तिलाही ठाऊक होतं. रोज सायबर कॅफेत जाऊन ती मेल बघून यायची.

दुसरी बातमी मथुराबाईंनी भाकरी थापता थापता सांगितली. "त्या उत्कर्षाच्या आईचा, यमुनाबाईंचा फोन आला व्हता. नागपूरचं स्थळ आलंय. पोरगा अमेरिकेला जाऊन आलेला. पुन्यात मानूस पाठवून पोरीची चौकशी करत्याल आन् मग पुढचं ठरंल, म्हनल्या."

विक्रमनं उचललेला घास ताटात परत ठेवला. चौकशी म्हणजे काय असते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आदल्याच वर्षी त्याच्यासाठी मुळशीकडचं स्थळ आलेलं. मुलगी ऋतुजा, डी.एड. झालेली, फोटोत सुद्धा हसरी. तिचा मामा चौकशीला आला तो नेमका टपरीवर टेकला. टपरीवाला मोठ्या मायेनं म्हणाला, "विक्रम? लई गुनी पोरगा. दिवसभर हितंच असतोय." मामानं चहा अर्धा ठेवला आणि उठून गेला. दोन वाक्यांत स्थळ मोडलं, आणि दोन्ही वाक्यं चांगल्या मनानं बोललेली. वाईट मनानं बोलणाऱ्याला तर एकच पुरलं असतं.

गुरुवारी अकरा वाजता एक मनुष्य आला. दशरथ त्याचं नाव. हेल्मेट कोपराला अडकवलेलं, काखेत फाइल, कपाळावर घाम. दिवसाला बारा पत्ते पुरे करायचे अशा घाईत होता.

"जयसिंग यांची इमारत हीच ना? इथं उत्कर्षा म्हणून कोणी राहतात?" असं म्हणून त्यानं फाइलीतून तिचा पासपोर्ट साइझचा फोटो काढला.

विक्रमनं फोटो पाहिला आणि त्याचं डोकंच सटकलं. अकरा महिने झाले, आपल्याकडं हिचा एक फोटो नाही, आणि या घामट माणसाच्या फाइलीत आहे.

"तुम्ही कोण?"

"चौकशीला पाठवलंय मला. आतली गोष्ट असते, फार बोलता येत नाही. किती दिवस राहतात इथं? वागणूक कशी? येणंजाणं कुणाचं?"

"अशी कुणी इथं राहत नाही," विक्रम म्हणाला.

"पत्ता तर हाच आहे."

"राहत होती. गेली. सहा महिने झाले."

"कुठं गेल्या?"

"सांगून गेली असती तर तुम्हाला सांगितलं असतं. रात्रीची गेली." एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण अंगात संचारलेलं होतं. "आणि वागणुकीचं विचारू नका. आम्ही घरंदाज माणसं आहोत, बोलत नाही."

दशरथ भराभर लिहीत होता. त्यानं फॉर्म पुढं केला. "इथं सही करा. मालक ना तुम्ही?"

"मालकच."

हल्ली विवाह मंडळंसुद्धा छापील फॉर्म भरून घेतात हे विक्रमनं ऐकलेलं होतं. फॉर्म इंग्रजीत होता. डोक्यावर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत होतं, त्याखाली कशासाठी चौकशी तेही होतं. तीन वर्षं ऑडिटिंग शिकलेल्या मनुष्यानं त्यातली एक ओळ वाचली नाही. झोकात सही केली, खाली दोन रेघा मारल्या. उत्कर्षा त्या वेळी गच्चीत कपडे वाळत घालत होती. दशरथनं मान वर केली असती तर त्याला दिसली असती. पण त्याला अजून आठ पत्ते उरकायचे होते.

पुढचे तीन दिवस विक्रम इतका खुशीत होता की टपरीवर त्याला कुणी ओळखेना.

सोमवारी दुपारी उत्कर्षा सायबर कॅफेतून आली ती थेट अंगणात. हातात छापून आणलेला कागद. अण्णा बाजेवर बसून सुपारी कातरत होते, मथुराबाई गहू निवडत होत्या, आणि विक्रम पल्सर पुसत होता.

"काका, मी इथं राहते का?"

"म्हंजे?"

"नाही, तुम्ही सांगा. राहते का मी इथं?"

"राहतीस की. काय झालं?"

"मग हे काय आहे?"

कागद इंग्रजीत. अण्णांनी उलटसुलट करून पाहिला आणि पोराच्या पुढं धरला. "वाच रं."

विक्रमनं कागद घेतला. आता मात्र त्याला पहिली ओळ वाचता आली. नोकरीवर घेण्याआधी उमेदवाराच्या पत्त्याची खातरजमा, असं लिहिलेलं होतं.

"मोठ्यानं वाच."

"उमेदवार या पत्त्यावर राहत नाही," विक्रम म्हणाला आणि थांबला.

"पुढं पण आहे," उत्कर्षा म्हणाली. "वाचा ना. चांगलं लिहिलं आहे."

"सहा महिन्यांपूर्वी... रात्री, न सांगता निघून गेली. वागणुकीबद्दल बोलण्यास मालकांनी नकार दिला."

"कुन्या मालकानं? म्या?" अण्णा उठून उभे राहिले. "सही कुनाची हाय?"

दोन रेघा मारलेली सही वाचायला इंग्रजी यावं लागत नाही. अण्णांनी ती पाहिली.

"चूक झाली," विक्रम म्हणाला.

"चूक?" उत्कर्षाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि म्हणूनच वरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या दोन मुली आत गेल्या. "रात्रीची गेली, असं चुकीनं सुचते का कोणाला? कंपनीवाले माणसं काढून राहिले तिकडे. त्यांना कारणच पाहिजे. मी फोन केला तर म्हणे, खोटा पत्ता देणाऱ्या उमेदवाराला आम्ही घेत नाही. बुधवारपर्यंत दुरुस्त करून आणा, नाही तर ऑफर रद्द. जुनी नोकरी मी सोडून बसली. काय वाकडं केलं मी तुमचं? खोली स्वच्छ ठेवते, भाडं वेळेवर देते, भावाला खालून हाक मारायला लावते."

मथुराबाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं. पोराच्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं समजलं होतं, पण त्यांनी ते गव्हाबरोबर बाजूला सारलं.

अण्णा पोराला म्हणाले, "जिमीन इकली तवाबी येवढी लाज वाटली न्हवती मला." आणि मग मुलीला, "उद्या जाऊ. जिथं असंल तिथं जाऊ."

चौकशी करणाऱ्यांचं कार्यालय नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. मंगळवारी सकाळी तिघं तिथं पोचले. टेबलामागं सुनीतीबाई होत्या. वय पन्नाशीचं, चष्मा नाकाच्या टोकावर. विक्रम खुर्ची ओढायला लागला तशा म्हणाल्या, "बसा म्हटलेलं नाही अजून."

तो उभा राहिला.

"मालक कोण?"

"मी," अण्णा म्हणाले.

"आणि सही कुणाची?"

"माझी," विक्रम म्हणाला.

"आपण कोण?"

"मुलगा."

"मुलगा हे काही पद नाही. बरं, आमचा माणूसही थोर, त्यानं विचारलं नाही. त्याचं मी बघते. आता काय म्हणणं आहे?"

"ती तिथंच राहते. मी खोटं बोललो."

"का?"

"गैरसमजातून."

सुनीतीबाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. "आमच्याकडं गैरसमजाला रकाना नाही. हे आमच्या मुंबईच्या मुख्य कचेरीत जाणार, तिथून कंपनीकडं. आज राहत नाही म्हणता, उद्या राहते म्हणता. मधे काय झालं? मुलीनं रडून-भेकून लिहून घेतलं, असंच धरतील ते. मग तुमचं पहिलंच म्हणणं खरं. तेव्हा कारण लिहा. पटेल असं लिहा. जमल्यास खरं लिहा."

विक्रमनं उत्कर्षाकडं पाहिलं.

"लिहा ना," ती म्हणाली. "मला पण कळू द्या."

त्यानं लिहायला घेतलं. वीस मिनिटं लागली. पेन दोनदा खाली ठेवलं, दोनदा उचललं. अण्णा खिडकीतून खाली बघत राहिले. कागद दिला तशा सुनीतीबाईंनी तो हातभर लांब धरला आणि परत केला.

"वाचून दाखवा."

"कशाला?"

"अक्षर."

तिथून पळून जाता आलं असतं. हिंजवडीच्या फाटकापासून आला तसा तो जिना उतरून गेला असता तर त्याला कुणी धरून ठेवणार नव्हतं. पण बुधवार उद्यावर होता, आणि मुलीची नोकरी त्या कागदावर होती. विक्रम वाचायला लागला.

"मी विक्रम जयसिंग, वय पंचवीस, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय काही नाही. उत्कर्षा आमच्याकडे अकरा महिने राहतात. त्या कुठेही गेलेल्या नाहीत. वागणूक चांगली. गुरुवारी आलेले गृहस्थ मला लग्नाच्या स्थळाकडून चौकशीला आलेले वाटले. ते स्थळ मोडावं म्हणून मी वरील गोष्टी रचून सांगितल्या. फॉर्म वाचला नाही. त्यांचं लग्न दुसरीकडं ठरू नये असं मला वाटत होतं, कारण..."

"थांबू नका. कारणच हवंय मला."

"कारण माझ्या मनात त्यांच्याबद्दल आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही."

उत्कर्षा टेबलाच्या कडेकडं बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते, पण लाजेनं नव्हे.

सुनीतीबाईंनी कागद घेऊन त्यावर शिक्का मारला. "याला म्हणतात कारण. मुंबईवाले विश्वास ठेवतील. इतकं गाढवपणाचं कुणी खोटं रचत नाही. मालक, खाली सही करा. आजच पाठवते."

अण्णांनी सही केली, आणि पेन न सोडता पोराला म्हणाले, "येवसाय काही न्हाई, असं कशापायी लिवलंस? इमारत बघतोस की."

"मोटार चालू करतो, अण्णा. बंद करतो. त्याला येवसाय म्हनत न्हाईत." तीन वर्षं टपरीवर खर्च केलेला राग आता नेमक्या माणसापुढं, नेमक्या जागी उभा होता. "शेत ठिवलं असतं तर शेती लिवली असती."

"शेत ठिवलं असतं तर राबला असतास?"

"इचारलं व्हतं का कधी?"

अण्णा पेन टेबलावर ठेवून जिना उतरून गेले. सुनीतीबाई म्हणाल्या, "घरगुती भांडणं बाहेर. पुढचे लोक थांबलेत."

कंपनीचं पत्र शुक्रवारी आलं. उत्कर्षा ठरल्या सोमवारी रुजू झाली आणि डिसेंबरात कोथरूडला दुसऱ्या खोलीत राहायला गेली. पण ते पुढचं. त्या मंगळवारी अण्णा जीप घेऊन एकटेच निघून गेले, आणि बसथांब्यावर ही दोघं उरली.

"रात्रीची गेली, हे कशाला सांगितलं?" तिनं विचारलं.

"त्याशिवाय स्थळ मोडत नाही."

"नागपूरवाल्यांना मी मागच्या महिन्यातच नाही म्हटलं. आई मानून नाही राहिली, म्हणून काकूंना सांगत फिरते. कोणी चौकशीला येणारच नव्हतं." ती रस्त्याकडं बघत बोलत होती. "तुम्हाला जे लिहायचं होतं ते मला विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. माझी नोकरी कशाला पाहिजे होती त्याच्यात? मी रात्री पळून जाणारी आहे, असं परक्या माणसाच्या कागदावर कशाला पाहिजे होतं? मुंबईत कोणीतरी वाचलं ते. दुरुस्त झालं तरी वाचलं ना."

पहिल्यांदाच विक्रमला शिव्या घालायला समोर हिंजवडी नव्हती, बिल्डर नव्हता, अण्णाही नव्हते.

"आता विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"माझ्याशी लग्न कराल?"

"नाही."

"बरं."

तेवढ्यात बस आली. पण ती स्वारगेटची निघाली. कर्वेनगरच्या बसला अजून अवकाश होता. पल्सर घरी होती, रिक्षा करू का असं विचारायची विक्रमची छाती झाली नाही, आणि उत्कर्षाला त्याच बसनं जाणं भाग होतं. मग दोघं त्या थांब्यावर पत्र्याखाली, मधे एका माणसाची जागा सोडून, पंचवीस मिनिटं उभी राहिली.